पोटॅशियम मार्गिकांचे जनुकीय वैविध्य

चेतापेशीच्या पटलातून मुख्यतः पोटॅशियमचे आयनच जाऊ देणारी प्रथिने म्हणजे पोटॅशियम मार्गिका (चॅनेल). विद्युत्-स्पंद पेटवतात सोडियमच्या मार्गिका. तो कधी विझायचा आणि पुढचा किती वेळाने यायचा, हे बहुतांशी पोटॅशियमच्या मार्गिका ठरवतात. विद्युत्-दाबावर उघडणाऱ्या सोडियम मार्गिकांची माणसात ९ जनुके आहेत, तशाच पोटॅशियम मार्गिकांची ४०, आणि इतर प्रकार धरून सुमारे ८०. सगळी मेंदूत वापरली जात नाहीत. काही हृदयाची, काही मूत्रपिंडाची.

यातले पहिले जनुक १९८७ मध्ये फळमाशीत सापडले. ईथरची गुंगी दिली की पाय थरथरवणाऱ्या माश्यांवरून त्याला ‘शेकर’ म्हणतात. माशी त्या एकाच जनुकाचा आरएनए वेगवेगळ्या तऱ्हांनी कापून-जोडून अनेक प्रथिने बनवते. सस्तन प्राण्यांनी दुसरी वाट धरली: त्याच कुळाची त्यांच्याकडे आठ जनुके आहेत, आणि बहुतेकांच्या प्रथिन-संकेतात कापण्यासारखे काही नाहीच.

खरी गंमत जुळणीत आहे. चार उपघटक (एकेका जनुकाने बनवलेले प्रथिनाचे तुकडे) गोलाकार बसले की मधे मार्ग तयार होतो, आणि एका कुळातले उपघटक एकमेकांत मिसळू शकतात. आठांतून चार निवडायचे, एकच पुन्हा घेतला तरी चालेल, तर बसण्याचा क्रम न धरताही कागदावर ३३० मिश्रणे होतात. पेशी त्यांतली मोजकीच वापरते. या मिसळण्याची किंमतही आहे. या आठांतल्या केसीएनए१ जनुकाची एक प्रत बिघडली तरी तिचा उपघटक चांगल्यांत शिरून मार्गिका बिघडवू शकतो. अधूनमधून तोल जाण्याचा एक आनुवंशिक विकार त्यातून होतो, हे १९९४ मध्ये कळले.

कोणत्या पेशीत कोणती मार्गिका काम करते हे ओळखायला विषे उपयोगी पडतात, आणि इथे सातारा-सांगलीच्या वाचकाने कान टवकारावेत. माण, आटपाडी, जतकडे माळावरचा दगड उलटताना ज्याची धास्ती असते, त्या लाल विंचवाच्या (हॉटेंटोट्टा टॅम्युलस) विषातून ३७ अमिनो आम्लांचे आयबेरिओटॉक्सिन मिळाले. कॅल्शियमवर चालणारी मोठ्या प्रवाहाची पोटॅशियम मार्गिका ते नेमकी बुजवते. त्याच विषातले टॅमापिन छोट्या प्रवाहाच्या मार्गिका अडवते. विंचू चावल्यावर जिवावर बेतते ते मात्र मुख्यतः या दोघांमुळे नव्हे. सोडियम मार्गिका मिटू न देणारी विषे त्यात वेगळी असतात.