पॅराशूट जुने होते तेव्हा आधी काय थकते?

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापणीचे जाळे सांधणारा माणूस नायलॉनचा धागा बोटांत फिरवूनच तो उन्हाने कुजला आहे का ते सांगतो. त्याच किनाऱ्यावर पर्यटकांना बोटीमागे हवेत चढवणारी छत्री मुळात आधी फुगवूनच सोडली जाते, त्यामुळे ती कितीही जुनी झाली तरी हवेत उघडण्याचा प्रश्न तिच्यापुढे येत नाही. विमानातून उडी घेणाऱ्याच्या पाठीवरील छत्रीचे वय मात्र उघडण्याच्या त्या मोजक्या सेकंदांतच कळते.

दुसऱ्या महायुद्धात जपानी रेशीम मिळेनासे झाले आणि नायलॉन आले; जून १९४२ मध्ये ॲडलीन ग्रे यांनी नायलॉनच्या छत्रीने पहिली मानवी उडी घेतली. पुढे डोमिना जाल्बर्ट यांना १९६६ मध्ये पेटंट मिळालेल्या, पंखासारख्या चौकोनी छत्रीने सगळेच बदलले, कारण तिचा आकार आत कोंडलेल्या हवेवर टिकतो आणि त्यासाठी वीण घट्ट लागते. म्हणून कापड गरम रुळांखाली दाबले जाई. नवे असताना ठरावीक दाबाखाली त्याच्या चौरस फुटातून मिनिटाला फार तर ३ घनफूट हवा जाई. घड्या, घासणे आणि ऊन यांनी धागे सरकतात. असे जुने कापड ओठांना लावून फुंकर मारली तर ती सहज पलीकडे जाते. अशा कापडाची छत्री रेंगाळत उघडते आणि उतरताना जमीन जोरात लागते.

१९८० च्या दशकात सिलिकॉनचा लेप दिलेले कापड आले, हवा गळणे जवळजवळ थांबले, आणि थकवा दोऱ्यांकडे गेला. जुन्या डेक्रॉनच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या, दोऱ्या जाड, थोड्या ताणणाऱ्या, धक्का पचवणाऱ्या होत्या. त्यांच्या जागी आलेली स्पेक्ट्रा बारीक आणि बळकट असली तरी शेवटी पॉलिथिलीनच, दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळणारी. छत्री एकदम फुगू नये म्हणून दोऱ्यांवरून खाली घसरणारा कापडी चौकोन, म्हणजे स्लायडर, याच्या धातूच्या कड्या दर उडीला या दोऱ्यांवर घासतात, आणि त्या उष्णतेने दोऱ्या आखडत जातात. सगळ्या सारख्या आखडल्या असत्या तर फारसे बिघडले नसते. पण कडेच्या आणि ब्रेकच्या, म्हणजे वळायला व वेग कमी करायला ओढायच्या, दोऱ्या जास्त आखडतात, छत्रीचा तोल बिघडतो, ती हिसका देत किंवा एका अंगाला वळत उघडते, आणि बिचाऱ्या घडी घालणाऱ्याला उगाच बोल लागतो. व्हेक्ट्रान या दुसऱ्या कृत्रिम धाग्याची दोरी आखडत नाही, मात्र ऊन आणि घर्षणाने तिचे तंतू झिजतात आणि ती लांबीतून काहीही न दाखवता तुटू शकते.

म्हणून जाणकार आधी डाव्या-उजव्या दोऱ्या जोडीने ताणून मापतात, आणि कापड शाबूत असेल तर नुसता दोऱ्यांचा संच बदलतात.