म्युनिसिपल बाँडची करमुक्ती आली कुठून?

अमेरिकेतली शहरं आणि राज्यं रस्ते, शाळा, पाणीपुरवठ्यासाठी कर्जरोखे काढतात. त्यांच्या व्याजावर केंद्र सरकार सहसा प्राप्तिकर घेत नाही. हे अभय राज्यघटनेनेच दिलंय, असं तिथे कित्येक वर्षं धरून चालले होते.

रोखे या कराहून जुने. १८२५ साली पुरा झालेला ईरी कालवा न्यूयॉर्क राज्याने रोखे विकूनच खोदला. तेव्हा केंद्राचा प्राप्तिकरच नव्हता. वाद पेटला तो १८९५ मध्ये, पोलॉक खटल्यात. या व्याजावर कर लावणं म्हणजे राज्यांच्या कर्ज काढण्याच्या अधिकारावरच कर लावणं, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. पुढे सोळाव्या घटनादुरुस्तीने ‘कोणत्याही मार्गाने आलेल्या’ उत्पन्नावर कर घेण्याची मुभा दिली. या शब्दांत आमचे रोखेही सापडतील, अशी धास्ती न्यूयॉर्कचे गव्हर्नर चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी १९१० मध्येच बोलून दाखवली होती. म्हणून १९१३ च्या प्राप्तिकर कायद्यातच हे व्याज वगळलं गेलं.

पहिल्या महायुद्धाने कराचे दर भडकले आणि या सवलतीचं खरं वजन कळलं. १९२१ मध्ये सर्वांत वरचा दर ७३ टक्के होता. तो भरणाऱ्याला ४ टक्क्यांचा करमुक्त रोखा जवळपास १५ टक्क्यांच्या करपात्र रोख्याइतका पडायचा. अर्थमंत्री अँड्र्यू मेलन यांनी घटना बदलून ही सवलत काढायचा आग्रह धरला, पण ते जमलं नाही. त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो: शहराचं व्याज थोडंसं वाचतं, पण श्रीमंताच्या करापोटी तिजोरी त्याहून जास्त गमावते.

निकाल लागला तो मात्र कागदी कुपनांवरून. जुन्या रोख्यांवर मालकाचं नाव नसे. कागद ज्याच्या हाती, पैसा त्याचा. कुपन कापून द्यायचं आणि व्याज घ्यायचं. करचुकव्यांची ही सोय मोडण्यासाठी १९८२ च्या कायद्याने नोंदणी नसलेल्या नव्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांची करमुक्ती काढली. साउथ कॅरोलायना थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८८ मध्ये हरलं. पोलॉकमधलं तत्त्व मोडीत निघालं: हे व्याज करमुक्त आहे ते काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मर्जीने, घटनेने नव्हे.

त्याआधीच, १९८६ च्या करसुधारणेत, खासगी उद्योगांच्या कामी येणाऱ्या रोख्यांवर काँग्रेसने कडक बंधनं घातली होती. २०१७ मध्ये, जुनं कर्ज मुदतीच्या बरंच आधी फेडायला काढलेल्या नव्या रोख्यांची करमुक्तीही गेली.