फर्नेसची गरमी, एमएस आणि नोकरी

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत फर्नेसजवळ उभा असलेला एखादा तिशीतला गडी समजा दुपारी म्हणाला की डोळ्यापुढं धुरकट दिसायलंय, पाय ओढत न्यावे लागतायत, आणि कूलरसमोर थोडा वेळ बसल्यावर गडी परत नीट, तर सुपरवायझर काय म्हणणार? नाटकं करायलंय. पण मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असेल तर हे अगदी असंच होतं. उटहॉफ नावाच्या जर्मन डोळ्याच्या डॉक्टरनं १८९० मध्येच हे लिहून ठेवलंय.

एमएसमध्ये आपलीच इम्यून सिस्टीम मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसांवरचं मायलिनचं कव्हर खराब करते, आणि असल्या उघड्या पडलेल्या नसेतून सिग्नल कसाबसा जात असतो, त्यात अंगाचं तापमान अर्धा अंश जरी वाढलं तरी तो अडकतो. अंग गार झालं की पुन्हा चालू. आजाराचा नवीन अटॅक नसतो तो, पण बघणाऱ्याला कसं कळणार.

आजार बहुतेक विशी ते चाळिशीत सुरू होतो, बायकांत पुरुषांच्या दोन-तीन पट. म्हणजे ऐन नोकरीच्या, हप्ते फेडायच्या वयात. लोकांना वाटतं व्हीलचेअर आली की नोकरी जाते, पण कितीतरी जण त्याच्या खूप आधी सोडतात, कारण थकवा (झोपून उठलं तरी न जाणारा), आणि एकावेळी दोन कामं डोक्यात न राहणं. हे दिसतच नाही, म्हणून सांगायचं की लपवायचं हाच अर्धा ताण. आणि कामात समाधान वाटणं न वाटणं बरंचसं पगारापेक्षा यावर असतं की कधी बसायचं, कुठलं काम आधी उरकायचं हे आपल्या हातात आहे का.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस आहे. सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. खासगीत एवढं पक्कं संरक्षण नाही, समान संधीचं धोरण ठेवायला लागतं एवढंच, आणि ते बहुतेक फाइलीतच असतं हो. त्यामुळं सकाळची शिफ्ट, फर्नेसऐवजी इन्स्पेक्शनचं टेबल, मधे पंधरा मिनिटं सुट्टी, जे पाहिजे ते डॉक्टरच्या चिठ्ठीसकट एचआरला लेखी द्या आणि पोच घ्या.