चढलेला ताण उतरवायचा कसा?

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या गर्दीत मागून जोरात हॉर्न वाजला की छातीत धडधडतं. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आधी अ‍ॅड्रेनलिन सोडतात, मग काही मिनिटांत कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. यात बिघाड काहीच नाही. शरीर आपलं काम चोख करतंय. अडचण पुढे सुरू होते. हॉर्न केव्हाच थांबलेला असतो, माणूस घरी येऊन पानावर बसलेला असतो, तरी अंग ताठलेलंच! ताण येणं आपल्या हातात फारसं नसतं, तो उतरवणं बरंचसं असतं.

सगळ्यांत हाताशी असलेला उपाय म्हणजे श्वास. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंदावते. मनगटावर बोटं ठेवून पाहा, अनेकांना हा फरक जाणवतो. सोडतेवेळी व्हेगस मज्जातंतू हृदयाचा लगाम ओढतो, म्हणून श्वास सोडण्याचा वेळ वाढवायचा. पाठ टेकून बसा, एक हात पोटावर ठेवा. नाकाने ४ सेकंद श्वास घ्या आणि ६ सेकंद सोडा. असे मिनिटाला ६ श्वास होतात. एरवी स्वस्थ बसलेला माणूस १२ ते २० घेतो. सुरुवातीला ५ मिनिटं पुरे.

इथे एक चूक हमखास होते. लोक छाती भरभरून श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. मग ‘आपल्याला हे झेपत नाही’ म्हणून सोडून देतात. श्वास सावकाश हवा, मोठा नको. ४-६ जड जात असेल तर ३-४ करा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय श्वास रोखून धरू नका.

दुसरी गोष्ट चहाची. दमल्याची जाणीव करून देणाऱ्या अ‍ॅडेनोसिनला कॅफीन मेंदूत अडवतं, आणि ते निम्मं व्हायला साधारण ५ तास लागतात. म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री अकरालाही अंगात असतं. शेवटचा कप दुपारी दोन-तीनपर्यंत घ्यावा, हे बरं.

सराफ्याचं, म्हणजे सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीचंही तसंच. पाहुण्यांना घेऊन भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद) खायला जरूर जावं. पण रोज रात्री साडेअकराला तळलेलं खाऊन लगेच आडवं झालं की आम्ल घशाशी येतं आणि झोप मोडते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास असू द्या. रात्री जागरण झालं तरी सकाळची उठायची वेळ शक्यतो बदलू नका. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. त्याच उजेडात पोह्यांच्या दुकानापर्यंत पायी गेलात तर उत्तम. आठवड्याला १५० मिनिटं चालणं हवं. वेग असा, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये.

उद्याची कामं डोक्यात फिरत असतील तर ती निजण्यापूर्वी कागदावर उतरवा, एकेक काम नेमकं. ‘बँक’ नको, ‘अकराला बँकेत पासबुक भरून घेणे’ असं.

छातीत दुखणं ताणाच्या खात्यावर टाकू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि झोप, भूक किंवा मन दोन आठवडे थाऱ्यावर नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. ही सेवा मोफत आहे.