राजाबाई टॉवर
मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारातील घड्याळ-मनोरा व त्याच्या पायथ्याशी जोडलेले ग्रंथालय. उंची सु. ८५ मी. (२८० फूट). ओव्हल मैदानासमोर, उच्च न्यायालयाच्या शेजारी ही वास्तू असून बांधली गेली तेव्हा शहरातील सर्वांत उंच इमारत होती. ‘राजाबाई टॉवर’ या लोकांच्या तोंडी बसलेल्या नावात ग्रंथालयही धरले जाते.

कापूस व शेअर बाजारातील व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी २७ ऑगस्ट १८६४ रोजी ग्रंथालयासाठी २ लाख रु. आणि ६ ऑक्टोबर १८६४ रोजी मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रु. विद्यापीठाला दिले. मनोऱ्यात मोठे घड्याळ व घंटांचा संच असावा आणि त्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, युद्धकाळात चढलेले कापसाचे भाव कोसळले आणि खुद्द प्रेमचंदांचे दिवाळे निघाले; देणगी मात्र आधीच विद्यापीठाच्या हाती आली होती. पायाभरणी १ मार्च १८६९ रोजी झाली व काम नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरे झाले. एकूण खर्च सु. साडेपाच लाख रु. आला.

राजाबाई अंध होत्या, जैन आचारानुसार त्यांना सूर्यास्तापूर्वी जेवावे लागे आणि वेळ कळावी म्हणून मुलाने घंटा बसवल्या, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. देणगीच्या अटींत मात्र असे काही नाही. शिवाय देणगी आणि घंटानाद यांत चौदा वर्षांचे अंतर आहे, आणि प्रेमचंदांचे राहते घर भायखळ्याकडे, म्हणजे मनोऱ्यापासून बरेच दूर होते. तेव्हा ही कथा नावावरून मागाहून रचली गेली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. लंडनच्या ‘बिग बेन’ या घड्याळ-मनोऱ्याची प्रतिकृती या लोकप्रिय वर्णनाबद्दलही असेच म्हणावे लागेल. काही जुन्या वर्णनांत इटलीतील फ्लॉरेन्सच्या जॉत्तो-मनोऱ्याशी (तेथील कॅथीड्रलच्या घंटा-मनोऱ्याशी) तुलना आढळते. ग्रंथालयाची इटालियन वळणाची गॉथिक (टोकदार कमानींची) शैली पाहता ही तुलना जवळची ठरते.

आराखडा इंग्लंडचे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते भारतात कधीच आले नाहीत. नकाशे लंडनहून पाठवले गेले. देखरेख ले. कर्नल जेम्स फुलर यांची होती, तर साहाय्यक अभियंता रावबहादुर मकुंद रामचंद्र यांनी शिल्पांचे नमुने घडवले. बांधकाम पिवळसर कुर्ला दगडाचे आहे. मनोरा खाली चौरस व वर अष्टकोनी आहे. त्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या २४ मूर्ती आहेत, आठ खालच्या भागात व सोळा शिखराजवळ. वरच्या मूर्तींचे बारकावे रस्त्यावरून दिसत नाहीत. पगड्यांच्या ठेवणीतला फरक ओळखायचा तर खालच्या आठच पाहाव्यात.

ग्रंथालयाचे वाचनदालन वरच्या मजल्यावर आहे. दगडी गोल जिन्याने वर गेले की उंच लाकडी छत आणि रंगीत काचांच्या खिडक्या दिसतात; दुपारी या काचांचा रंग टेबलांवर उतरतो. आसपासच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी परीक्षेचे दिवस इथे काढले. शेजारचे सर कावसजी जहांगीर सभागृह (१८७४) पदवीदानाचे. त्याच्या गोल खिडकीत बारा राशींची चित्रे आहेत. न्या. म. गो. रानडे व रा. गो. भांडारकर यांच्या पहिल्या तुकडीच्या वेळी (१८६२) यातले काहीच नव्हते, त्यांचे पदवीदान टाउन हॉलमध्ये झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक अध्यापन विभाग कलिन्याच्या विद्यानगरीत गेले. सिनेटच्या (विद्यापीठाच्या अधिसभेच्या) बैठका फोर्टलाच राहिल्या, आणि त्यामुळे विद्यार्थी संघटनांचे मोर्चेही.

मनोऱ्यावर पूर्वी जाता येई. २५ एप्रिल १८९१ रोजी दोन पारशी तरुणींचा तेथून पडून मृत्यू झाला आणि त्यावरून चाललेल्या खटल्याने शहर हादरले. पुढे आत्महत्यांमुळे वरचे सज्जे लोकांसाठी बंद करण्यात आले. २०१३ ते २०१५ या काळात ग्रंथालयासह मनोऱ्याचा जीर्णोद्धार झाला. २०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा भाग म्हणून त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. घंटांवर एके काळी ‘रूल ब्रिटानिया’, ‘होम स्वीट होम’ यांसह सोळा धुना वाजत. आता दर पंधरा मिनिटांनी एकच वाजते.