माउंड बायू

माउंड बायू : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मिसिसिपी राज्याच्या बोलिव्हर काउंटीतील एक लहान शेतीप्रधान गाव. लोकसंख्या १,५३४ (२०२०). राज्याच्या वायव्येस, मिसिसिपी व याझू नद्यांमधील सपाट गाळाच्या प्रदेशात, क्लार्क्सडेल व क्लीव्हलंड यांच्या दरम्यान महामार्ग क्र. ६१ लगत ते वसले आहे. दोन संथ ओढ्यांच्या संगमापाशी आदिवासींनी रचलेला मातीचा उंचवटा होता. त्यावरून (माउंड म्हणजे उंचवटा, बायू म्हणजे संथ ओढा) नाव पडले. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांनी १८८७ मध्ये ही वसाहत स्थापली. गावाची मालकी, व्यापार व कारभार पहिल्यापासून कृष्णवर्णीयांकडे राहिल्यामुळे त्याचे महत्त्व आकाराच्या मानाने कितीतरी मोठे आहे.

स्थापना आयझाया थॉर्नटन माँटगमरी (१८४७–१९२४) व त्याचा आतेमामे-चुलत नात्यातील भाऊ बेंजामिन ग्रीन यांनी केली. वसाहतीच्या कल्पनेचा उगम मात्र वादग्रस्त आहे. एका मतानुसार तो विक्सबर्गच्या दक्षिणेकडील डेव्हिस बेंड या मळ्यात शोधावा लागतो. मळ्याचा मालक जोसेफ डेव्हिस हा दक्षिणेच्या बंडखोर राज्यसंघाचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस याचा थोरला भाऊ. ब्रिटिश समाजसुधारक रॉबर्ट ओएन याच्या विचारांचा त्याच्यावर प्रभाव होता आणि आपल्या गुलामांचे तंटे सोडविण्यासाठी त्याने त्यांचीच पंचमंडळी नेमली होती. त्याच्या गुलामांपैकीच एक, आयझायाचा पिता बेंजामिन माँटगमरी, तेथे दुकान चालवी. आयझाया लहानपणी मालकाच्या ग्रंथसंग्रहात वाचायला शिकला व त्याचा लेखनिक बनला. यादवी युद्धानंतर १८६६ मध्ये बेंजामिन माँटगमरीने हा मळा ३ लाख डॉलरला उधारीवर विकत घेतला. पुढच्याच वर्षी महापुराने नदीचे पात्र बदलून मळ्याचे बेट झाले. कापसाचे भाव पडत गेले, हप्ते थकले आणि १८८१ पर्यंत जमीन पुन्हा डेव्हिस घराण्याकडे गेली. माउंड बायू हा या फसलेल्या प्रयोगाचा दुसरा अवतार, असे हे मत सांगते.

दुसरे मत रेल्वेला प्राधान्य देते. लुइव्हिल, न्यू ऑर्लीन्स अँड टेक्सस रेल्वेने मेंफिसहून दक्षिणेकडे नुकताच मार्ग टाकला होता. दोन्ही बाजूंची जंगलजमीन विकल्याशिवाय आणि तेथून मालवाहतूक सुरू झाल्याशिवाय तो मार्ग फायद्यात येणार नव्हता. हिवतापाच्या या दलदलीत गोरे शेतकरी येईनात, म्हणून कंपनीने माँटगमरीला जमीनविक्रीचे काम दिले. पहिली खरेदी ८४० एकरांची होती. उपलब्ध दस्तऐवज पाहता दुसरे मत अधिक सबळ दिसते. ओएनप्रणीत सामुदायिक मालकीचा तर माउंड बायूत मागमूसही नाही. प्रत्येक कुटुंबाने आपापला तुकडा हप्त्याने घेतला. तरीही कंपनीने नेमके याच कुटुंबाला का गाठले, याचे उत्तर डेव्हिस बेंडमध्ये आहे, हे नाकारता येत नाही.

सुरुवातीची वर्षे लाकडाने तारली. वेत, ओक आणि सायप्रसचे दाट रान तोडून वसाहतकऱ्यांनी रेल्वेला स्लीपर व पिंपांच्या फळ्यांचे लाकूड पुरविले; त्या पैशातून हप्ते भरले आणि मोकळ्या झालेल्या जमिनीत कापूस व मका लावला. १८९८ मध्ये गावाला नगराचा दर्जा मिळून माँटगमरी पहिला महापौर झाला.

याच माँटगमरीचे १८९० मधील मत हा त्याच्या चरित्रातील सर्वांत अवघड भाग होय. मिसिसिपीच्या संविधान परिषदेतील १३४ प्रतिनिधींपैकी तो एकटाच कृष्णवर्णीय होता. मतदानासाठी दोन डॉलरचा मतदारकर आणि संविधानातील कलम वाचता येण्याची किंवा त्याचा अर्थ सांगता येण्याची अट घालणाऱ्या तरतुदींच्या बाजूने तो बोलला व मतही दिले. अर्थ बरोबर सांगितला की चूक, हे गोरा अधिकारी ठरविणार होता, त्यामुळे राज्यातील बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा मताधिकार प्रत्यक्षात संपला. गुलामगिरीविरोधी चळवळीतील कृष्णवर्णीय नेता फ्रेडरिक डग्लस याने त्याच्यावर टीका केली. आपल्या वसाहतीला गोऱ्यांनी हात लावू नये म्हणून दिलेली ही किंमत होती, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते शिक्षण व मालमत्ता मिळविल्यावर मताधिकार परत येईल, अशी त्याची खरोखरच समजूत होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. गाव टिकले, मात्र त्याची सत्ता वेशीपाशीच संपत होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी गावातील व्यापारी चार्ल्स बँक्सने १९०४ मध्ये स्थापलेली पेढी, जिनिंगचे कारखाने, दुकाने व शाळा यांमुळे गावाचा बोलबाला झाला. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ व पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन याने त्याचा आदर्श म्हणून प्रचार केला आणि १९१२ मध्ये सरकीच्या तेलगिरणीचा समारंभ त्याच्या हस्ते पार पडला. या गिरणीसाठी शिकागोचे उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी २५,००० डॉलरचे कर्जरोखे घेतले होते. परंतु खेळते भांडवल नव्हते. १९१४ मध्ये पेढी बुडाली, त्याच वर्षी पहिल्या महायुद्धामुळे कापूसबाजार कोसळला. १९२० नंतरच्या मंदीत अनेकांच्या जमिनी गहाणात गेल्या व मालक कुळे बनले.

लोकसंख्येचे आकडे वाचताना एक सावधगिरी आवश्यक आहे. जनगणना नगराच्या हद्दीतील माणसेच मोजते. १९१० मध्ये ती संख्या ५३७ होती. तत्कालीन प्रचारसाहित्यातील सुमारे ४,००० हा आकडा भोवतालच्या शेतवस्त्यांसह संपूर्ण वसाहतीचा आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाढ किंवा घट काढणे चुकीचे ठरते. पुढे हद्दीतील वस्ती १९८० मध्ये २,९१७ वर पोहोचली. कापूसवेचणी यंत्रांनी होऊ लागल्यावर मळ्यांवरून निघालेली कुटुंबे गावात आली, हे त्यामागील एक कारण असावे. त्यानंतर उतरती कळा लागली : २,१०२ (२०००), १,५३३ (२०१०). रहिवाशांत ९५ टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय आहेत.

१९४२ मध्ये ‘नाइट्स अँड डॉटर्स ऑफ टेबर’ या परस्परसाहाय्य संघाने येथे ४२ खाटांचे टॅबोरियन रुग्णालय उघडले. वर्षाला सुमारे साडेआठ डॉलर वर्गणी भरणाऱ्या सभासदाला ३१ दिवसांपर्यंत उपचार व शस्त्रक्रिया मिळत. इतरत्र मागच्या दाराने तळघरातील वॉर्डात जावे लागणारे शेतमजूर येथे पुढच्या दाराने येत. पहिले मुख्य शल्यविशारद टी. आर. एम. हॉवर्ड यांनी पुढे नागरी हक्कांचे संघटन केले. नागरी हक्क चळवळीचे नेते मेडगर एव्हर्स यांनी हॉवर्ड यांच्या विमा कंपनीत नोकरी केली. मिसिसिपीत गोऱ्यांनी ठार मारलेल्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाच्या १९५५ च्या खूनखटल्याच्या वेळी त्याच्या आईला व कृष्णवर्णीय बातमीदारांना हॉवर्ड यांच्या घरी आसरा मिळाला. १९६७ मध्ये टफ्ट्स विद्यापीठाच्या पुढाकाराने डेल्टा आरोग्य केंद्र सुरू झाले. ग्रामीण भागातील ते देशातील पहिले सामुदायिक आरोग्य केंद्र. येथील डॉक्टर कुपोषित मुलांना औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजी व मांस लिहून देत आणि वाण्याचे बिल केंद्राच्या औषधखात्यातून चुकते होई. विहिरी खणणे, शौचकूप बांधणे व सहकारी भाजीपाला शेती हीही केंद्राची कामे होती. जुने रुग्णालय १९८३ मध्ये बंद पडले. आरोग्य केंद्र चालू आहे.

माँटगमरीचे विटांचे दुमजली घर १९७६ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे.