हरणांना नावडणारी बागझाडे

हरणे घराच्या अंगणापर्यंत येतात अशा भागात, ती सहसा तोंड लावत नाहीत अशी झाडे बागेसाठी निवडण्याची पद्धत. अमेरिकेच्या ईशान्य भागातील उपनगरांत ती बागकामाचा नेहमीचा भाग झाली आहे. तिथल्या रोपवाटिकांत अशा झाडांवर ‘हरीणरोधक’ अशी पाटी असते. ही पाटी सैल अर्थानेच वाचावी, कारण भुकेले हरीण कधीच खाणार नाही असे झाड जवळजवळ नाही.

या भागातला मुख्य प्राणी म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण (ओडोकॉइलियस व्हर्जिनियानस). बेसुमार शिकारीमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत त्याची संख्या काही लाखांवर आली होती. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा शिकारीच्या आंतरराज्य व्यापाराला आळा घातला, राज्यांनी शिकारीचे हंगाम ठरवून दिले, आणि आज ही संख्या सुमारे ३ कोटी मानली जाते. पूर्वेकडून लांडगे आणि प्यूमा बहुतेक नाहीसे झालेले होते. त्यात उपनगरे पसरली. झाडीच्या कडेला हिरवळ, खत-पाणी घातलेली झुडपे आणि वस्तीजवळ शिकारीला मनाई, असे सगळे हरणांना सोयीचेच मिळाले.

मोठे हरीण दिवसाला साधारण ३ किलो पाला खाते. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे पाने कुरतडली न जाता ओरबाडली जातात आणि देठाची कड फाटकी राहते. सशाने खाल्लेली फांदी तिरकी, सुरीने कापल्यासारखी साफ तुटलेली असते. झाड निवडण्यापूर्वी बाग नक्की कोण खाते आहे ते या खुणेवरून ओळखावे.

हरीण झाड का टाळते, याचे उत्तर बहुतेक वेळा रसायनांत असते. डॅफोडिलमध्ये लायकोरिन हे विषारी अल्कलॉइड असते. शिवाय अळू ज्यामुळे खाजते ते कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिकही त्याच्या रसात असतात. म्हणून शेजारचे ट्यूलिप एका रात्रीत फस्त होतात आणि डॅफोडिल तसेच उभे राहतात. फॉक्सग्लव्ह, रुईच्या कुळातले मिल्कवीड आणि दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांत लावली जाणारी कण्हेर यांच्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. बचनागाच्या वंशातले मंक्सहूड, हेलेबोर आणि बॉक्सवुडही विषारीच. ही झाडे माणसालाही घातक आहेत. घरात लहान मुले किंवा पाळीव प्राणी असतील तर त्यांचा विचार हरणांच्या आधी करावा.

लव्हेंडर, रोझमेरी, थाइम, पुदिना, कॅटमिंट, बी बाम यांचा बचाव उग्र वासाच्या तेलांनी होतो. हरीण रवंथ करणारा प्राणी आहे. त्याचे पचन कोठीपोटातल्या सूक्ष्मजीवांवर चालते आणि अशी तेले जास्त प्रमाणात गेली तर त्या सूक्ष्मजीवांना बाधतात. लॅम्ब्स इअरची लोकरी पाने, शोभेची चरबरीत गवते आणि बरीचशी नेचेही मागे राहतात. काट्यांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. गुलाबाला काटे असूनही त्याचे कोवळे शेंडे आणि कळ्या हरणे आवडीने खातात.

माणसाच्या तर्काला न जुमानणारी उदाहरणेही आहेत. यू हे झुडूप गुराघोड्यांना जीवघेणे ठरते, पण पांढऱ्या शेपटीची हरणे हिवाळ्यात ते खाऊन पार बोडके करतात. टॅनिनमुळे तुरट लागणारा पालाही त्यांना बऱ्याच अंशी चालतो, कारण त्यांच्या लाळेतली प्रथिने टॅनिनला बांधून टाकतात. याउलट पॉपॉ या सीताफळाच्या कुळातल्या स्थानिक झाडाची पाने ती क्वचितच खातात. जिथे हरणे फार, तिथल्या रानात पॉपॉची दाट बेटे वाढलेली दिसतात.

सर्वांत जास्त नुकसान होते ते होस्टा, ट्यूलिप, डेलिली, अझेलिया आणि आर्बरव्हिटी यांचे. आर्बरव्हिटी आपल्याकडच्या मोरपंखीच्या कुळातली. तिचे कुंपण हरणाचे तोंड पोहोचते तिथपर्यंत खाल्ले जाते आणि उघड्या पडलेल्या जुन्या लाकडाला सहसा पुन्हा पालवी फुटत नाही. ‘ग्रीन जायंट’ ही संकरित जात ‘एमराल्ड ग्रीन’पेक्षा कमी खाल्ली जाते.

न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठाने तयार केलेली यादी बागकाम करणाऱ्यांना विशेष परिचित आहे. तिच्यात झाडांचे चार गट आहेत: क्वचित नुकसान होणारी, सहसा फार नुकसान न होणारी, अधूनमधून फार नुकसान होणारी आणि वारंवार फार नुकसान होणारी. ‘सुरक्षित’ असा गटच नाही, आणि हा प्रामाणिकपणा फार मोलाचा आहे. एकच झाड एका गावात टिकते आणि पलीकडच्या गावात खाल्ले जाते. कळपाचा आकार, आजूबाजूला काय उगवते आणि पाडसांनी आईमागे फिरताना काय खायला शिकले, यावर ते ठरते. हिवाळ्याच्या शेवटी जंगलातला चारा संपतो तेव्हा नावडत्या झाडांवरही पाळी येते. रोपवाटिकेतून नुकतेच आणलेले, नत्राने लुसलुशीत झालेले रोप यादीत कुठेही असो, पहिले काही महिने त्याला जाळी लावावी. शरद ऋतूत नर हरणे कोवळ्या खोडांवर शिंगे घासून साल सोलतात. तिथे झाडाच्या चवीचा काहीच उपयोग नसतो. खोडाभोवती आवरणच लागते.

निवडीचा परिणाम कुंपणाबाहेरही होतो. दारुहळदीच्या वंशातली जपानी बार्बेरी हरणे खात नाहीत म्हणून पूर्वी सर्रास लावली गेली. ती रानात पसरली, हरणांनी तिच्या भोवतीची स्थानिक रोपे खाऊन तिला आणखी जागा करून दिली, आणि तिच्या दमट जाळीत लाइम आजार पसरवणाऱ्या गोचिडी वाढतात असे आढळले. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांनी तिच्या विक्रीवर बंदी घातली आहे. माउंटन मिंट, मिल्कवीड, इंकबेरी, स्पाइसबुश ही स्थानिक झाडेही हरणे फारशी खात नाहीत, आणि ती स्थानिक कीटक-पक्ष्यांच्या उपयोगी पडतात. नवी बाग करणाऱ्याने आधी त्यांच्याकडेच पाहावे.

भाजीपाल्याला हा उपाय पुरत नाही. न्यू जर्सीत अनेक मराठी कुटुंबे परसात भाज्या लावतात; त्यांतला कांदा, लसूण, पुदिना बहुधा टिकतो, पण घेवडा आणि वाटाणा उघड्यावर वाचणे कठीण. झेंडूची रांग लावली की हरणे येत नाहीत हा समज भरवशाचा नाही. अंड्यापासून केलेली उग्र वासाची फवारणी काही काळ उपयोगी पडते, पण पावसानंतर ती पुन्हा करावी लागते. पक्का अटकाव हवा असेल तर सुमारे २.४ मीटर उंचीचे कुंपण लागते.